तेल चाखणारी बाई

मला किळस फार. लहानपणापासूनच. गिरगावात आमच्या चाळीत कुणी पाण्याच्या पिंपात बोट बुडवलेलं दिसलं, तर मी त्या दिवशी ते पाणी पीत नसे. आई वैतागून म्हणायची, "हिला राजवाड्यातच द्या." दिली लालबागला. दीड खोली, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की मिरची.

लालबागच्या मिरचीचं लोकांना फार कौतुक. मसाल्याचा वास म्हणे नुसता घमघमतो! घमघमत असेल, पिशवी भरून अर्ध्या तासात आपापल्या घरी जाणाऱ्यांना. मी तिथं राहिले. उशीच्या अभ्र्याला मिरची, दोरीवरच्या पातळाला मिरची, गटाराच्या पाण्यावर लाल तवंग. एप्रिल-मे महिन्यात सगळी चाळ शिंकायची, खाकरायची, कठड्यावरून खाली थुंकायची, पदराला नाक पुसायची आणि त्याच पदरानं ताट पुसून वाढायला घ्यायची. शी! संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. कोपऱ्यावर अश्रुधूर सुटला की पळत आलेली माणसं आमच्या जिन्यात डोळे चोळत बसायची. सासूबाई त्यांना पाण्याचा तांब्या द्यायच्या आणि म्हणायच्या, "ह्या काय नवीन? आमच्याकडे दर मे म्हयन्यात आसता."

घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, माझा नवरा आणि मी. दीर आणि नवरा दोघेही गिरणीत. जाऊबाईंना मुलगी झालेली, अडीच महिन्यांची. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मला काही नव्हतं. हे "काही नव्हतं" मी आज सरळ लिहिते आहे. तेव्हा ते चाळीत दिवसातून चारदा कुणी ना कुणी ऐकवायचं, तेही माझ्या तोंडावर.

पोरीला न्हाऊ घालायला घोडपदेवहून एक बाई यायची. पन्नाशीची, विधवा, आमच्या सासूबाईंच्याच गावाकडची. सगळे तिला मावशी म्हणायचे. सकाळी आमच्या चाळीतल्या पाच घरांतली तान्ही पोरं तिच्याकडे असायची, आणि दुपारी ती मिरची गल्लीत एका दुकानात बसून मिरच्यांची देठं खुडायची. तिची बोटं बघवत नसत. नखांच्या कडा काळपट लाल, कातडी सोललेली, टोकं सुजलेली. त्या बोटांनी ती आमच्या पोरीच्या अंगाला हात लावणार, ही कल्पनाच मला सहन होत नसे.

आणि तिची ती रीत! मोरीजवळ पाटावर बसायची, पाय लांब सोडायची, आणि पोरीला पायांवर घ्यायच्या आधी आपली दहाच्या दहा बोटं एकेक करून जिभेला लावायची. निवांतपणे, पान खावं तसं. मग तेलाच्या वाटीत करंगळी बुडवायची, तीही चाखायची, जरा थांबायची, हात पदराला पुसायची आणि मग म्हणायची, "हाडा गो माझ्या बायेक." पोरीला आणा, असं. मी आत पोळ्या लाटत असायची. मला ओकारी यायची अगदी.

एकदा मी विचारलंसुद्धा, "मावशी, हे काय हो चाटता?" ती हसली. म्हणाली, "दुपारी ह्ये हात मिरचेत, सकाळी पोरांच्या आंगार. डोळ्यांक दिसना नाय ता जिबेक कळता." मी म्हटलं, मग तेल कशाला? तर म्हणे, घरोघरी वाटी वेगळी, कुणाची वाटी कशात फिरली असेल, देव जाणे. मला काही ते पटलं नाही. मी त्याच दिवशी सासूबाईंकडे गेले आणि म्हटलं, "आई, ती बाई पोरीच्या तेलात थुंकी कालवते." असंच म्हटलं. कालवते. थोडं वाढवून सांगितल्याशिवाय आमच्या घरात कुणी कुणाचं ऐकत नसे.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी तिला सुनावलं, "ती चाटाचाटी आता बंद कर. धाकट्या सुनेक किळस येता." मावशीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसतंच. "बरा," म्हणाली, आणि त्या दिवसापासून बंद केलं. मला केवढा विजय वाटला होता!

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी हरताळ झाला. गिरण्या बंद, दुकानं बंद, मसाला कुटून देणारे डंक बंद. पुरुष सगळे सभेला गेलेले. आमच्या मजल्यावरच्या तीन घरांच्या मिरच्या गच्चीवर कडकडीत वाळून तयार होत्या, आणि सगळ्या बायका घरी. सासूबाईंनी ठरवलं की आजच देठं खुडून टाकायची, म्हणजे डंक उघडला की पहिला नंबर आपला. मावशीचंही दुकान बंद, म्हणून तिलाही बोलावणं गेलं. सात-आठ जणी गॅलरीत गोणपाटं अंथरून बसल्या.

मी आतापर्यंत तीन वर्षं काही ना काही निमित्त काढून हे काम टाळलं होतं. त्या दिवशी सुटका नव्हती. पोत्यातून मिरच्या ओतल्या तर त्यात उंदराच्या लेंड्या! एकीनं त्या दोन बोटांनी उचलून कठड्यापलीकडे टाकल्या आणि तेच हात परत मिरचीत घातले. शिंका तर कुणी पदरसुद्धा न धरता देत होती. हा मसाला वर्षभर माशाच्या कालवणातून माझ्या पोटात जाणार, हे मला दिसत होतं.

सुपं वाटताना शेजारची एक ठसक्यात म्हणाली, "हिला मोठं सूप द्या. हिची मांडी रिकामीच असते." सगळ्या हसल्या. जाऊबाई पोरीला पाजत आत बसल्या होत्या, त्याही हसल्या. मावशी तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "हात मागसून धुवा, आदी तोंडा धुवा."

कामाला बसण्याआधी हातांना तेल चोळायचं असतं. सासूबाईंनी मला सांगितलं, "वाटीभर काढ बाटलीतला. आणि उरला ता ठेव, फुकट घालव नको." बाटली एकच होती. गावाहून आलेलं, स्वतःच्या झाडांच्या नारळांचं खोबरेल. पोरीला लावायचं तेच. मी वाटी भरून मधे ठेवली. एकीनं बोटं बुडवली, दुसरीनं बुडवली, तिसरीनं पंजाच बुडवला. त्या पंज्यानं तिनं नुकतंच डोकं खाजवलं होतं, मी बघितलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मला नको. मावशी म्हणाली, "गो, तेल लाव. भगभगात मागसून." मी म्हटलं, भगभगू दे. त्या वाटीत बोट घालण्यापेक्षा हात भाजलेले परवडले.

परवडले नाहीत. तासाभरात बोटांच्या पेरांत टोचायला लागलं, मग नखांच्या आत, मग मनगटापर्यंत आग. त्यात मी कपाळावरचा घाम पुसला आणि डाव्या डोळ्यानं पेट घेतला. मावशी ओरडली, "पाणी नको! पाण्यात हात घालू नको!" मी कुठली ऐकते! नळावर धावले, हात धुतले, डोळा धुतला, आणि जिथं जिथं पाणी ओघळलं तिथं तिथं आग पसरली.

मग उपाय सुरू झाले. बापरे, ते उपाय! एकीनं चुलीतली राख चोळली. एकीनं आंबूस ताकाच्या पातेल्यात माझे दोन्ही हात कोपरापर्यंत बुचकळले. त्या ताकावर बुरशी होती, देवाशप्पथ सांगते. एक म्हणाली, रॉकेल लावा. आणि आरडाओरडा ऐकून वर आलेल्या तळमजल्यावरच्या एका दणकट बाईनं काय करावं? माझे दोन्ही हात धरले आणि स्वतःच्या तेलकट, चिकट, उवांनी बुजबुजलेल्या केसांत खुपसून खसाखसा चोळले. म्हणे, केस आग ओढतात. मी किंचाळत होते आणि ती चोळत होती. पुढचे आठ दिवस मी स्वयंपाकाला हात लावताना दहादा विचार केला.

शेवटी मावशीनं सगळ्यांना बाजूला केलं. कोरडं डाळीचं पीठ माझ्या हातांवर टाकून हलकेच टिपलं, झटकलं. मग त्याच वाटीतलं तेल. मी तोंड फिरवलं, पण हात काढून घ्यायचं त्राण नव्हतं. तिनं बोटन् बोट तेलानं चोळलं, फडक्यानं पुसलं, पुन्हा चोळलं, पुन्हा पुसलं. मग साबण, आणि पाणी सगळ्यात शेवटी. डोळ्यावर गार दुधात भिजवलेली घडी. "तेल मिरची ओढून घेता गो," ती सांगत होती. "आदी लावलंस तर आत जावक देना नाय, मागसून लावलंस तर बाहेर काढता."

आग निम्म्यावर आली. बाकीच्याही एकेक करून त्याच वाटीत हात बुडवून, बोटं चोळून, फडक्याला पुसून घरोघर गेल्या. ओढून घेतं म्हणजे ते जातं कुठं, हा प्रश्न मला पडला नाही. इयत्ता नववी शिकलेली मी.

वाटीत अर्ध्याच्या वर तेल उरलं होतं. त्यात मिरचीचं एक बी तरंगत होतं, एक लांब केस होता. मला ते मोरीत ओतून द्यायचं होतं. पण सासूबाईंनी "ठेव" म्हटलेलं. बाटलीतलं तेल कमी दिसलं असतं, तर माझ्या तीन वर्षांच्या सगळ्या चुकांची उजळणी झाली असती. दुकानं बंद, नवीन आणायची सोय नाही. मग मी, एवढी किळस असलेली मी, स्वच्छ धुतलेलं मलमलचं फडकं घेतलं आणि ते तेल दोनदा गाळलं. बी गेलं, केस गेला, तेल नितळ दिसायला लागलं. उजेडात धरून बघितलं. मग बाटलीत परत ओतलं.

सासूबाईंनी "ठेव" म्हटलं होतं, ही पळवाट मी पुढे पुष्कळ वर्षं वापरली. ठेव म्हणजे वाटीत ठेव, की बाटलीत ओत? त्यांनी बाटलीत ओत म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी नेहमीच्या वेळेला आली. पाटावर बसली, पाय सोडले. मी बाटलीतून वाटीत तेल काढून तिच्याजवळ ठेवलं. मीच. तिचा उजवा हात सवयीनं तोंडाकडे गेला, मग मी समोर आहे हे दिसलं आणि तिनं तो खाली घेतला. पोरीला पायांवर घेतलं. छाती, पोट, मांड्या, पाठ. गुणगुणत होती काहीतरी.

पहिल्यांदा पोरगी नुसती कुरकुरली. मग तिनं जो टाहो फोडला, तसलं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. श्वास आत घेतला की तो परत बाहेर येईना, ओठ निळे पडले. पोटावर, मांड्यांवर लाल चकंदळं उठली. जाऊबाई धावल्या, सासूबाईंनी गरम पाण्याचा तांब्या उचलला. "पाणी नको!" मावशी ओरडली. तिनं आधी पोरीच्या दोन्ही मुठी पदराच्या टोकात गुंडाळून घट्ट धरल्या, डोळ्यांकडे जाऊ नयेत म्हणून. मला म्हणाली, "पीठ हाड. धाव!" मी डाळीच्या पिठाचा डबाच आणला. तिनं पीठ पोरीच्या अंगावर पेरलं, चोळलं नाही, फक्त टिपलं. तेल प्यायलेलं पीठ झटकलं, पुन्हा पेरलं. तीनदा. मग गार दुधात फडकं बुडवून अंगभर. मग साबणाचा फेस, आणि शेवटी कोमट पाणी. तासाभरानं पोरगी हुंदके देत देत झोपली. डोळ्यांना काही झालं नव्हतं. मी पिठाचा डबा धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते.

मग सासूबाई उभ्या राहिल्या. "मिरचेचे हात घेवन इलंस आणि माझ्या नातीक जाळलंस!"

"वयनी, मी हात धुवन इलंय," मावशी म्हणाली.

"काल सगळो दिवस मिरचेत होतंस! दुसऱ्या कोणाचे हात लागले?"

दारात आता सगळा मजला जमला होता. काल त्याच वाटीत हात बुडवलेल्या सगळ्या जणी. एक म्हणाली, हिला तर मी कधीच ठेवली नसती. एक म्हणाली, बोटं बघा तिची. मावशीनं आपल्या हातांकडे बघितलं. मग वाटीकडे. मग करंगळी तेलात बुडवली आणि सगळ्यांसमोर जिभेला लावली.

तिला कळलं. मला दिसलं, तिला कळलं. तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. काल गॅलरीत तेलाची वाटी कुणी भरली, कुणी उचलली, हे तिला ठाऊक होतं.

मला बोलायला हवं होतं. दोनच शब्द, "तेलात होती." पण ते शब्द बोलले असते तर पुढचं सगळं मला ऐकू येत होतं. हिनंच घातली. स्वतःला होत नाही ना, म्हणून जळते. जावेचं पोर बघवलं नाही रांडेला. कुणी विश्वास ठेवला असता, की मी ते गाळून, नितळ करून, चांगुलपणानं ओतलं? मला गावी पाठवलं असतं आणि नवरा सभेहून आल्यासारखा दमून गप्प बसला असता. मी गप्प राहिले. जीभ टाळ्याला चिकटली म्हणतात ना, तसलं काही झालं नव्हतं. जीभ चांगली हलत होती. मी हलवली नाही.

मावशी उठली. वाटीतलं तेल मोरीत ओतलं. मग फळीवरची बाटली घेतली आणि तीही मोरीत उपडी केली, गळगळ गळगळ, शेवटच्या थेंबापर्यंत. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "मस्ती बघा हिची! पोर जाळलान ता जाळलान, वर गावचा तेल ओतलान!"

तिच्या बाजूचा एकमेव पुरावा त्या बाटलीत होता. सासूबाईंच्या बोटाला थेंबभर लावला असता तरी पुरलं असतं. तिनं तो मोरीत ओतला. ते पोरीसाठी केलं, की माझ्यासाठी, मला आजही कळलेलं नाही. बाटली खाली ठेवून ती एवढंच म्हणाली, "नवीन तेल आणा," आणि जिना उतरून गेली. त्याच आठवड्यात आमच्या चाळीतली बाकीची चार घरंही तिची सुटली.

पुढच्या वर्षी मिरच्या आणायला मीच गेले. मला सातवा महिना होता. मिरची गल्लीत एका दुकानाच्या मागच्या अंगाला ती बसली होती, पोत्यांच्या मधे, मांडीवर सूप. आता दिवसभर तेच काम. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मला वाटलं, परत फिरावं. पण तिनं आधी बघितलं.

"चेडू बरा आसा मा?" तिनं विचारलं.

"बरी आहे. चालायला लागली," मी म्हटलं.

तिची नजर माझ्या पोटावर गेली. हसली. चिंध्यांचा हात तिनं पुढे केला, आणि मधेच मागे घेतला. "कोणीय न्हाणूक येवंदे," ती म्हणाली, "तेल मात्र आदी चाखान बघूक सांग."

"सांगते," मी म्हटलं. तेव्हाही मला म्हणता आलं असतं, मावशी, तुम्हीच या. नाही म्हटलं. तिला घरात आणायचं तर सासूबाईंना कारण सांगावं लागलं असतं. मी दोन शेर संकेश्वरी घेतली आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशी मला उलटी झाली. लोक म्हणाले, दिवसच आहेत तसे.

मुलगा झाला. मी न्हाऊ घालायला कुणालाच ठेवलं नाही. स्वतः पाटावर बसायची, पाय लांब सोडायची, दहाही बोटं जिभेला लावायची, मग तेलात करंगळी बुडवून चाखायची आणि थांबायची. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी दारातून ते बघितलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"शी!" त्या म्हणाल्या. "तुका तर किळस येय होती. ह्या खंयसून शिकलंस?"

मी मुलाला पायांवर घेतलं आणि तेल लावायला सुरुवात केली. कुणाकडून शिकले, ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही.